नांगराच्या फाळापासून बॉयलरच्या नळीपर्यंत



पुणे-मिरज लोहमार्गावर सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी हे स्टेशन लागते. पूर्वी त्याला कुंडल रोड म्हणत. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावहून आपला कारखाना घेऊन इथे आले, तेव्हा समोर निवडुंगाने भरलेला माळ होता. बेळगावची जागा नगरपालिकेला हवी झाली, म्हणून बिऱ्हाड हलवावे लागले होते. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले, आणि औंधच्या हद्दीतल्या त्या माळावर भट्टी पेटली.

यंत्रे आगगाडीने आणता आली. ती चालवणारी माणसे मात्र तिथल्या तिथेच घडवावी लागली. आसपासच्या गावांत शेतकरी होते, सुतार-लोहार होते. पण लेथ पाहिलेला माणूस शोधूनही सापडला नसता. लक्ष्मणरावांची सुरुवातीची मंडळी आठवावी. यंत्रावर हात बसलेले शंभोराव जांभेकर होते, हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे होते, आणि शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर होते, जे पुढे कल्पक इंजिनिअर म्हणून ओळखले गेले. ज्यांच्यावर दरोडेखोर म्हणून शिक्का बसला होता ते तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या वसाहतीचे विश्वासू पहारेकरी झाले. कुणाच्या हातात कुठला कागद आहे हे लक्ष्मणरावांनी विचारले नाही. काम दिले, शेजारी उभे राहून दाखवले, चुकू दिले, पुन्हा दाखवले.

लक्ष्मणराव स्वतः याच वाटेने आलेले. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत असे कळल्यावर यांत्रिक रेखाटनाकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले, आणि बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून बेळगावात सायकलींच्या दुकानात आले. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे नव्हती. होती ती यंत्र उघडून पाहण्याची सवय आणि परदेशी मासिके-कॅटलॉग वाचण्याची चिकाटी.

त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला कुणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष भिनेल, असे शेतकऱ्यांना वाटत होते. नांगर खपू लागला तो शेतात चालून दाखवल्यावर. तो टिकला, तो ओतकामाच्या जोरावर. फाळ कडक हवा, पण दगडाला लागून मोडता कामा नये. हे साधण्याची पहिली पायरी म्हणजे साच्याची वाळू. ओतारी मूठभर ओली वाळू घेतो, दाबतो, मूठ उघडतो आणि तो गोळा मधोमध मोडून पाहतो. कडा स्वच्छ तुटल्या आणि बोटांचे ठसे नीट उमटले, तर वाळू जमली. पाणी जास्त झाले तर रस ओतताना वाफ होऊन कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. कमी झाले तर साचा ढासळतो. आज वाळूतला ओलावा मोजायला यंत्रे आहेत, ती वापरलीच पाहिजेत. तरीही जुना ओतारी यंत्राचा आकडा पाहण्याआधी मूठ दाबतो, आणि नव्या पोराला ती मूठ त्याच्याच शेजारी शंभर वेळा दाबावी लागते.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारे लोखंड दुर्मिळ झाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या, आणि त्या लोखंडाचे नांगर झाले. ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, सांगावीच. तिच्यात एक भर घालायला हवी: तोफेचे लोखंड वितळवून त्याचा फाळ ओतणारे हात तोवर किर्लोस्करवाडीत तयार झाले होते, म्हणून त्या देणगीचा उपयोग झाला.

साताऱ्याकडे आले की याच कथेचा दुसरा धागा हाती लागतो. धनजीशहा कूपर यांनी १९२२ मध्ये साताऱ्यात कारखाना काढला. आधी नांगर, पुढे डिझेल इंजिने. भारतात बनलेल्या सुरुवातीच्या डिझेल इंजिनांत साताऱ्याच्या इंजिनाचे नाव घेतले जाते. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) होते. आणि या कारखान्याच्या उभारणीत ज्यांनी पायपीट केली त्यांत एक होते भाऊराव पाटील. त्याआधी त्यांनी ओगलेवाडीच्या काचेच्या मालाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करत गावेच्या गावे पालथी घातली होती. १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे हे कर्मवीर भाऊराव या तिन्ही कारखान्यांच्या संबंधात आलेले होते, हे त्यांच्या ‘कमवा आणि शिका’चा विचार करताना बाजूला ठेवून चालणार नाही. श्रम आणि शिक्षण एकाच दिवसात, एकाच माणसाच्या वाट्याला यावे, ही कल्पना ज्यांनी मांडली त्यांनी भट्टी आणि लेथ जवळून पाहिले होते.

कर्मवीरांची ती कल्पना वसतिगृहांत रुजली, महाविद्यालयांत रुजली. कारखान्याच्या फाटकातून ती जितकी आत जायला हवी होती तितकी गेली नाही. या व्याख्यानाचा सारा भर या एका खंतीवर आहे.

हाताखाली शिकण्याची परंपरा सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत कारखान्यांहूनही जुनी आहे. मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवणारी घराणी मुळात शिकलगारांची, शस्त्रांना धार-पाणी करणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब शिकलगारांनी वाद्ये दुरुस्त करायला आणि मग घडवायला सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तूणीचे लाकूड, आणि तारेचा नाद जुळवणारा, जवारी लावणारा कान, हे सगळे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी बसून शिकले गेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली पोरे सोने-चांदीच्या गलाईचे, म्हणजे धातू वितळवून शुद्ध करण्याचे, काम शिकायला नात्यातल्या माणसाच्या दुकानी दिल्ली, कोलकाता, केरळपर्यंत गेली आणि तिथे स्वतःची दुकाने थाटून बसली. पाऊस नसलेल्या तालुक्याने हाताच्या कौशल्यावर संसार उभे केले.

या परंपरेची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. उस्ताद शिकवायचा तो आपल्या मुलाला, भाच्याला, जातीतल्याला. बाहेरच्याला दार बंद. आत घेतलेल्या पोरालाही पहिली दोन-तीन वर्षे झाडलोट, चहा आणि शिव्या. खरे मर्म हातचे राखून ठेवले जाई. त्या व्यवस्थेची आठवण काढून हळहळण्याचे कारण नाही. तिच्यातली एकच गोष्ट अमोल होती: जाणत्या माणसाच्या शेजारी, खऱ्या कामावर, पुरेसा काळ. ती गोष्ट जातीच्या आणि नात्याच्या कुंपणातून सोडवून सगळ्यांसाठी खुली करणे हे स्वतंत्र भारताच्या कायद्याचे काम होते.

कायदा आलाही. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, त्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, उभ्या राहिल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवार कायदा झाला. कारखानदार आणि उमेदवार यांच्यात लेखी करार व्हावा, तो नोंदवला जावा, ठरलेला अभ्यासक्रम शिकवला जावा, विद्यावेतन मिळावे, कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची असावी, शेवटी परीक्षा होऊन देशभर चालणारे प्रमाणपत्र मिळावे, हे सारे त्यात आहे. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले. चार ते एकोणतीस माणसांच्या छोट्या कारखान्यांना ते ऐच्छिक ठेवले. विद्यावेतनाची किमान पातळी शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये ठरली. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेत त्यातला एक चतुर्थांश भाग, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते.

इतका तपशील सांगण्याचे कारण असे की कुपवाड, मिरज, पलूस, साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या कित्येक लहान कारखानदारांना यातले अर्धेही ठाऊक नसते, आणि ज्या मुलांसाठी हे आहे त्यांच्या घरी तर ते पोचतच नाही.

कारखान्यात शिकणे का लागते, हे एका उदाहरणाने पाहू. आता वेल्डिंगकडे. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, फिटर-टर्नर-मशिनिस्टचे दोन वर्षांचे. आठवी पास मुलगाही वेल्डरला जाऊ शकतो, म्हणून हा ट्रेड ‘काहीच जमले नाही तर’ या यादीत टाकला जातो. या समजुतीने फार नुकसान केले आहे.

पहिल्या दिवशी शिकाऊ मुलाच्या हातात होल्डर येतो, त्यात दहा नंबरचा, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास जाडीचा रॉड. जॉबवर रॉड घासून आर्क पेटवायची. बहुतेकांचा रॉड पहिल्यांदा पत्र्याला चिकटतो. घाबरून ओढला तर होल्डरसकट हात मागे येतो. आर्क पेटली की रॉडचे टोक आणि धातू यांतले अंतर साधारण रॉडच्या जाडीइतकेच ठेवायचे. आणि रॉड तर जळत जळत आखूड होत असतो. म्हणजे एक हात पुढे सरकतोय, त्याच वेळी खाली येतोय, कोनही सांभाळतोय, आणि काळ्या काचेतून डोळे पाहतायत ते झगमगाटाकडे नव्हे, त्यामागच्या वितळलेल्या धातूच्या थेंबाकडे. अंतर वाढले की शिंतोडे उडतात, जोडात बारीक छिद्रे (पोरॉसिटी) राहतात. करंट जास्त झाला की कडेला अंडरकट, म्हणजे खाच, पडतो. स्लॅग नीट न झाडता वरून दुसरा थर मारला तर घाण आतच अडकते आणि बाहेरून जोड देखणा दिसतो. चांगला वेल्डर आर्कचा आवाज ऐकून सांगतो की मशिनवरचा करंट चुकलाय. हे कान पुस्तकातून येत नाहीत.

हे झाले टेबलावर सपाट ठेवलेल्या पत्र्याचे. खरे काम उभे असते, डोक्यावर असते, पाईपला गोल फिरते. तिरक्या बसवलेल्या पाईपचा पूर्ण घेर, पाईप न फिरवता, वेल्ड करायची परीक्षा असते. वेल्डर तिला ‘सिक्स-जी’ म्हणतात. ती पास झालेल्याला देशात आणि आखाती देशांत काम शोधावे लागत नाही. पण आयटीआयच्या एका वर्षात, एका मशिनवर चार-पाच मुले पाळीपाळीने उभी राहत असताना, रॉड मोजून मिळत असताना, तिथवर कोण पोचणार? संस्थेतले वर्ष म्हणजे अक्षरओळख. वाचायला शिकायचे ते कारखान्यात.

आणि सातारा-सांगलीला त्यासाठी दूर जायला नको. कृष्णा, सह्याद्री, किसन वीर, राजारामबापू, वसंतदादा, क्रांतिअग्रणी, हुतात्मा, अशी सहकारी साखर कारखान्यांची रांगच कृष्णाकाठी उभी आहे. गाळप चालू असताना मिलचे ओतीव लोखंडाचे रोलर आम्ल रसाने झिजत, गुळगुळीत होत जातात आणि उसाची पकड सुटते. तेव्हा वेल्डर फिरत्या रोलरच्या दात्यांवर खास रॉडने ठिपके मारत जातो, म्हणजे रोलर पुन्हा खरखरीत होऊन ऊस ओढतो. मिल थांबवायची नसते. थांबली तर मागे गव्हाणीपाशी गाड्यांची रांग लागते, ऊस वाळतो आणि साखरेचा उतारा उतरतो. हे काम निस्तरणारा माणूस किती शेतकऱ्यांचे पैसे वाचवतो याचा हिशेब कुठल्याच ताळेबंदात नसतो.

बॉयलरचे तर विचारू नका. पूर्वी कारखान्यांचे बॉयलर चौरस सेंटिमीटरला २१ किंवा ३२ किलो दाबाचे असत. सहवीजनिर्मिती आली आणि दाब ६७, ८७, काही ठिकाणी ११० किलोवर गेला. वाफेचे तापमान ५०० अंशांच्या घरात. अशा बॉयलरच्या नळीचा जोड मारायला १९५० च्या बॉयलर नियमावलीप्रमाणे परीक्षा दिलेला वेल्डरच लागतो. रॉड आधी ओव्हनमध्ये भाजून घ्यावे लागतात, कारण त्यात राहिलेला ओलावा जोडाला आतून तडा देतो. ऑफ सीझनला हे काम निघते तेव्हा किती कारखाने बाहेरच्या ठेकेदाराची टोळी बोलावतात आणि किती जण त्या टोळीशेजारी आपल्या तालुक्यातले दोन आयटीआय झालेले उमेदवार उभे करतात, हे सभासदांनी वार्षिक सभेत विचारायला हवे. कारखाना त्यांच्या मालकीचा आहे.

फाटकाच्या आत प्रत्यक्षात काय होते, तेही पाहू. पुष्कळ ठिकाणी ‘अप्रेंटिस’ म्हणजे स्वस्त हेल्पर. सिलिंडर ढकल, माल चढव, पॅकिंगला बस. वर्ष संपते, प्रमाणपत्र मिळते, हाताला काहीच मिळालेले नसते. दुसरीकडे लहान वर्कशॉपवाल्याची तक्रारही खोटी नाही: दोन वर्षे पोराला शिकवले, रॉड जाळू दिले, जॉब बिघडू दिले, आणि हात बसला तसा तो पुण्याजवळच्या चाकणला निघून गेला. जर्मनीने या पेचावर उपाय शोधला तो चेंबर, कारखाने आणि शाळा यांना एकत्र बांधून. तिथे उमेदवार आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत असतो, हे तीन-साडेतीन वर्षे चालते, आणि सगळेच कारखानदार शिकवत असल्यामुळे एकाने घडवलेला दुसऱ्याकडे गेला तरी कुणाचे नुकसान एकतर्फी राहत नाही. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. माणसे पाठवायची तर तिथली शिकवण्याची पद्धतही मागवावी. एकट्या कारखान्याला जे परवडत नाही ते कुपवाडच्या वीस कारखान्यांना मिळून परवडेल.

त्याच २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये, आणि मुदत सुरुवातीला सहा महिने. खिशात पैसे पडले, ते बरेच झाले. पण यातले पुष्कळ तरुण सरकारी कार्यालयांत बसवले गेले, आणि सहा महिन्यांत कार्यालयाची सवय लागते, हाताला कसब येत नाही. हा पैसा वेल्डिंगच्या बूथकडे, लेथकडे वळवला असता तर फळ वेगळे दिसले असते.

मानाचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. सांगलीतल्या पद्माळ्याचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग महाविद्यालयांना परवानगी मिळाली. फार शिकता न आलेल्या नेत्याने खेड्यातल्या पोरांना इंजिनिअर होण्याचा रस्ता मोकळा केला, ते मोठेच काम होते. इस्लामपूरजवळचे राजारामबापू इन्स्टिट्यूट त्याच वर्षीचे. पण त्यानंतर प्रत्येक घराला इंजिनिअरच हवा झाला, आणि फिटर, वेल्डर, टर्नर ही नावे लग्नाच्या बायोडाटातून गळाली. पदवी घेऊन पुण्यात बारा-पंधरा हजारांवर कुठलेही काम करणाऱ्या मुलाला स्थळ येते; दुप्पट कमावणाऱ्या पाईप वेल्डरच्या घरी ‘मुलगा कंपनीत आहे’ एवढेच सांगतात. हे बदलल्याशिवाय कायद्याची कितीही कलमे वाढवून उपयोग नाही.

बदल लवकर, शाळेतच सुरू करता येतो हे पुणे जिल्ह्यातल्या पाबळने दाखवले आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीची मुले-मुली तिथे वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, बांधकाम करतात, आणि त्यातूनच विज्ञान शिकतात. मुलींच्या हाती होल्डर शोभत नाही म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: किर्लोस्कर ब्रदर्सचा कोइमतूरजवळचा पंपांचा कारखाना स्त्रियाच चालवतात. ज्या कंपनीची मुळे किर्लोस्करवाडीच्या माळात आहेत, तिने तमिळनाडूत हे करून दाखवले. कृष्णाकाठच्या मुली त्याला कमी पडतील असे मानायला कसलाही आधार नाही.

तेव्हा कारखानदारांना विनंती आहे की येत्या भरतीत शिकाऊ उमेदवार घेताना त्यांच्यावर एक जाणता मिस्त्री नेमावा, शिकवण्याचे त्याला जादा पैसे द्यावेत, आणि उमेदवाराने आज काय शिकले याची वही त्याच्याकडून भरून घ्यावी. निवृत्त होणारा प्रत्येक फिटर आणि बॉयलरवाला जाण्यापूर्वी दोन वर्षे कुणाला तरी शेजारी घेऊन काम करील, अशी सोय साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांनी ऑफ सीझनच्या नियोजनातच करावी. आयटीआयच्या निदेशकांना पुरेसे रॉड आणि पाईपचे तुकडे मिळावेत. भंगारात जाणारा माल जवळच्या संस्थेला दिला तरी कारखान्याचे काही बिघडत नाही. आणि सभागृहात बसलेल्या पालकांनी आज घरी गेल्यावर दहावीतल्या मुलाला किंवा मुलीला घेऊन एखाद्या दिवशी आपल्या गावाजवळच्या वर्कशॉपमध्ये तासभर उभे राहावे. आयटीआयचे प्रवेश दरवर्षी दहावीच्या निकालानंतर सुरू होतात. त्याआधी ही भेट झालेली बरी.